कागदावरचे यंत्र

बँकेत हाताने खाती लिहिण्याच्या काळात सहामाहीचे व्याज काढताना आम्ही छापील कोष्टकावर डोळे झाकून विश्वास ठेवत असू. एकदा काही केल्या ताळा जुळेना. रात्री साडेदहापर्यंत आम्ही तिघे लेजरमध्ये डोके घालून बसलो. अखेर चूक निघाली ती कोष्टकातच. तीनच्या जागी आठ छापला होता! त्या रात्रीमुळेच असेल, पण पुढे चार्ल्स बॅबेज या गृहस्थाचे चरित्र हाती आले, तेव्हा तो मला परका वाटला नाही.

लंडनमध्ये २६ डिसेंबर १७९१ रोजी जन्मलेल्या बॅबेजचे वडील बँकर, म्हणजे आमच्याच धंद्यातले. मुलाला ओढ गणिताची. १८२१ साली जॉन हर्शेल या मित्राबरोबर खगोलशास्त्राची कोष्टके तपासताना चुकांमागून चुका निघू लागल्या आणि हे काम यंत्राकडेच का सोपवू नये, या विचाराने त्याला झपाटले. केवळ बेरजांच्या आधारे कोष्टके तयार करणारे हे डिफरन्स इंजिन. सरकारने पैसा दिला, जोसेफ क्लेमेंट नावाचा निष्णात कारागीर मिळाला.

अडचण आली ती वेगळीच. यंत्रात हजारो सुटे भाग. साध्या नकाशात चाकाचा आकार दिसतो, पण ते केव्हा फिरते, कोणाला ढकलते, कोणासाठी थांबते, हे दिसत नाही. इतके सगळे कोणाच्या डोक्यात मावणार? म्हणून बॅबेजने खुणांची एक लिपीच रचली आणि १८२६ साली ती रॉयल सोसायटीपुढे मांडली. कोणता भाग कोणाला हलवतो, कोणत्या क्षणी कोण फिरतो आणि कोण स्तब्ध असतो, हे सारे रेषा व अक्षरांनी एका तक्त्यावर उतरवायचे. त्या तक्त्यावर बोट फिरवले, की यंत्र न बांधताच चालवून पाहता येई. ही लिपी त्याला स्वतःच्या उत्तम कामांपैकी एक वाटे. लोकांनी मात्र तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

परवा पुण्यात माझ्या भाच्याचे काम त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. तो चिपची डिझाइन करतो. पडद्यावर चौकोन मांडलेले. एक बेरजेचा, एक गुणाकाराचा, एक आकडा क्षणभर धरून ठेवणारा. बाणांनी ते जोडायचे, घड्याळाच्या कोणत्या ठोक्याला कोण काय करतो ते चालवून बघायचे. मग आज्ञा दिली, की सॉफ्टवेअर त्या चित्रावरून व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषेत सर्किटचे वर्णन आपणहून लिहून काढते. पुढची सॉफ्टवेअर त्यावरून चिपमधली जोडणी ठरवतात. मला तर बॅबेजचा तक्ताच समोर दिसू लागला.

फरक एवढाच, की बॅबेजच्या तक्त्यापासून धातूपर्यंत जाणारी वाट माणसांच्या हातांतून जात होती. तिथेच घात झाला. १८२७ या एकाच वर्षात वडील, पत्नी जॉर्जियाना आणि दोन मुले गेली. १८३२ साली यंत्राचा एक तुकडा जुळला आणि अचूक चालला, पण पैशांवरून क्लेमेंटशी बिनसले व १८३३ साली काम थांबले. बॅबेजही काही कमी नव्हता. पहिले यंत्र अर्धवट असतानाच तो दुसऱ्या, अधिक भव्य अशा अ‍ॅनालिटिकल इंजिनाच्या मागे लागला. सतरा हजारांहून अधिक पौंड गेल्यावर १८४२ साली सरकारने हात झटकले. खरे सांगतो, हे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर पुढचा हप्ता मीही रोखला असता.

तरी तो थांबला नाही. १८४७ ते १८४९ या काळात त्याने आणखी सुटसुटीत अशा दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचे नकाशे पुरे केले. १८५२ मध्ये सरकारने तेही नाकारले. दरम्यान, त्याच्यावरून स्फूर्ती घेऊन स्वीडनच्या शॉइट्झ पितापुत्रांनी तसले यंत्र बांधून दाखवले. बॅबेज रुसला नाही. कंपनी सरकारच्या बंगालच्या सैन्यात असलेला त्याचा मुलगा हेन्री रजेवर गेला होता. त्याने १८५५ साली वडिलांच्या लिपीत त्या परक्या यंत्राचेच तक्ते काढून विद्वानांपुढे ठेवले. मला या माणसाच्या आयुष्यातला हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज वारला. नकाशे उरले. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांवरून दुसरे डिफरन्स इंजिन बांधायला घेतले. नकाशांत थोड्या चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या; भाग मात्र त्याच्या काळी जमली असती तितक्याच अचूकतेने घडवले. नोव्हेंबर १९९१ मध्ये, त्याच्या दोनशेव्या जन्मदिनाच्या जेमतेम महिनाभर आधी, यंत्राने पहिले मोठे गणित बिनचूक सोडवले. छपाईचा भाग २००२ साली जोडला गेला. यंत्राला वीज लागत नाही. बाजूचा दांडा एका माणसाने फिरवायचा असतो.