लोकांनी मोडीत काढलेल्या वस्तू घरी आणल्या आणि पुढं त्याच घराचं संग्रहालय झालं

जुन्या वाड्याचा दरवाजा आडवा टाकून केलेलं सेंटर टेबल. आजीच्या पितळी घंगाळात लावलेला मनी प्लांट. बाल्कनीच्या कोपऱ्यात जुन्या बाजारातून आणलेली समई. असे रील्स सध्या रोज दिसतात. घर जुन्या वस्तूंनी सजवायचं म्हणजे पैसेही वाचतात आणि घराला वेगळा लूकही येतो.

शंभरेक वर्षांपूर्वी पुण्यातला एक माणूस अशाच वस्तूंच्या मागं लागला होता. फरक इतकाच की तेव्हा ट्रेंड बरोब्बर उलटा होता. लोक या वस्तू घरातून बाहेर काढत होते आणि हा माणूस त्या घरी आणत होता.

त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर. पुणेकरांसाठी काका केळकर.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. पण केळकरांचा जीव दुकानाच्या गल्ल्यात कधी रमला नाही. ते कविता लिहायचे, तेही 'अज्ञातवासी' या टोपणनावानं. इतिहासाची ओढ होतीच. या ओढीतूनच १९२० च्या आसपास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात झाली.

आता तो काळ समजून घ्यायला हवा.

रॉकेलचे कंदील घरोघरी पोहोचले होते, मागोमाग वीज येत होती. त्यामुळं दिवाणखान्यातली समई देवघरापुरती उरली. पुढं स्वयंपाकघरात ॲल्युमिनियम आणि मग स्टील आलं. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करा, चिंचेनं घासा, एवढा खटाटोप कोण करणार? भांडी मोडीत निघाली. मोडीत भाव मिळायचा तो वजनावर. त्यावर कारागिरानं किती नक्षी केली आहे, याचा वेगळा पैसा मिळत नसे.

वाड्यांचीही तीच गत होती. भावाभावांत वाटण्या झाल्या, डागडुजी परवडेना, पुढची पिढी नोकरीसाठी बाहेर पडली. वाडा पडला की कोरीव खांब, तुळया आणि दरवाजे यांची किंमत जुन्या लाकडाएवढीच उरायची.

केळकरांनी नेमकं हेच हेरलं. राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि दागिने जपणारे लोक होते. पण सुपारी कातरायचा अडकित्ता कोण जपणार? टाच घासायची वज्री कोण जपणार? केळकरांनी त्या जपल्या. दिवे, दौती, पानदानं, फण्या, स्वयंपाकाची भांडी, खेळणी, वाद्यं, कोरीव दरवाजे आणि खिडक्या, जे रोजच्या वापरात होतं आणि उद्या दिसणार नव्हतं, ते सगळं त्यांनी गोळा केलं.

यासाठी त्यांनी देशभर पायपीट केली. हाताशी कुठल्या संस्थानाची तिजोरी नव्हती. होतं ते चष्म्याच्या दुकानाचं उत्पन्न आणि पत्नी कमलाबाईंची साथ. ही साथ सोपी नव्हती. घरातला पैसा जुन्या वस्तूंवर जातोय आणि घरातली जागा त्याच वस्तू खातायत, असा तो संसार होता.

याच संसारावर एक मोठा घाव बसला. केळकरांचा मुलगा राजा लहान वयातच गेला.

या दुःखानंतर केळकरांच्या छंदाचा अर्थच बदलला. एक एक करून आणलेल्या या सगळ्या वस्तू त्यांनी राजाच्या नावाला वाहिल्या. संग्रहाला त्याचंच नाव दिलं. आज 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव वाचून अनेकांना वाटतं की केळकर कुठले तरी राजे असावेत. प्रत्यक्षात त्या नावातला राजा म्हणजे त्यांचा मुलगा.

संग्रह वाढतच गेला. १९६० पर्यंत त्यात सुमारे १५ हजार वस्तू झाल्या होत्या. दिव्यांचा तर त्यांनी इतका अभ्यास केला की त्यांचं 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं १९६१ साली काढलं.

छोट्या वस्तूंवर हे थांबलं नाही. कोथरूडला बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी बांधलेला महाल होता. त्याचे अवशेष केळकरांनी शहरात आणले आणि पुन्हा जोडून उभे केले. आज मस्तानी महाल म्हणून संग्रहालयात जे दालन दाखवलं जातं, ते हेच.

१९६२ साली संग्रहालय रीतसर उभं राहिलं. पण एका माणसाच्या जिवावर एवढा पसारा किती दिवस टिकणार, हा प्रश्न होताच. लाकडाला वाळवी लागते, कापडाला कसर लागते आणि वारसांमध्ये वाटण्या होतात. वाटण्यांमुळं वाडे रिकामे होताना केळकरांनी आयुष्यभर पाहिलं होतं. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडं सोपवला. वस्तू विकत घेणारे गिऱ्हाईक मिळाले असते, पण मग एक वस्तू या दिवाणखान्यात आणि दुसरी त्या दिवाणखान्यात गेली असती.

१७ एप्रिल १९९० रोजी केळकर गेले. वय होतं ९४.

बाजीराव रस्त्यावर नातूबागेजवळ हे संग्रहालय आजही आहे. संग्रह २० हजारांच्या वर आहे, पण जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच वस्तू मांडता येतात. बाकीच्या आत बंद आहेत.

ज्या मांडल्यात त्या पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. रोजची वस्तूसुद्धा सुंदर असावी, हा हट्ट तेव्हा साध्या घरातही होता. टाच घासायच्या वज्रीवर पक्षी बसवलेला असायचा. अडकित्त्याला माणसांचे, प्राण्यांचे आकार असायचे. घर सजवायला वेगळा शोपीस लागत नसे. जे वापरायचं तेच देखणं असायचं.

आज जुनी वस्तू आणली की आपण तिला नवं काम देतो. घंगाळाची कुंडी होते, दरवाज्याचं टेबल होतं. त्यात वावगं काही नाही, निदान वस्तू वितळवली तरी जात नाही. पण कुंडीसाठी घंगाळाला भोक पाडायच्या आधी घरातल्या जुन्या माणसाला एकदा विचारावं, हे कुणाच्या लग्नातलं, कुठून आलं, याला काय म्हणायचे. विचारून झालं की एका चिठ्ठीवर लिहून ती वस्तूसोबत ठेवून द्यावी. केळकरांना हजारो वस्तूंसाठी दारोदार फिरावं लागलं. आपल्याला बहुतेक वेळा माळ्यापर्यंतच जायचं असतं.