न विचारलेला प्रश्न

आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात इ.स. 865 च्या सुमारास अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल्-राझी यांचा जन्म झाला. पुढे रय आणि बगदादच्या शफाखान्यांचे ते प्रमुख हकीम झाले. त्यांच्याभोवती शागिर्दांची वर्तुळे बसत. रुग्णाला आधी बाहेरचे शागिर्द तपासत, त्यांना उमगले नाही तर आतले, आणि तरीही निदान झाले नाही तर स्वतः राझी.

ताप हा एकच आजार नाही, त्यामागची कारणे वेगवेगळी असतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. देवी आणि गोवर यांच्या तापातला फरक त्यांनी स्वतंत्र ग्रंथात मांडला. पाठदुखी देवीत अधिक असते, असे नोंदवले. ग्रीक हकीम जालिनूस यांना ते उस्ताद मानत, पण उस्तादांचे लिखाण अनुभवाशी जुळेना तेव्हा शंका लिहून ठेवायला कचरले नाहीत.

अब्दुल्लाह बिन सवादा नावाचा रुग्ण त्यांच्याकडे आला. ताप कधी रोज येई, कधी एक दिवसाआड, कधी सहा दिवसांनी. आधी हलकी हुडहुडी भरे, लघवीही वारंवार होई. राझींनी दोन शक्यता ठेवल्या : हा चौथ्या दिवशी येणाऱ्या तापात बदलेल, किंवा मूत्रपिंडात गळू असेल. थोड्याच दिवसांत कारुऱ्यात, म्हणजे लघवीच्या नमुन्यात, पू दिसला. कोडे सुटले. उपचार झाले, रुग्ण बरा झाला.

राझींनी मात्र इथे स्वतःची चूकही लिहिली. या माणसाला पूर्वी पाळीचे ताप येऊन गेले होते, म्हणून लक्ष तिकडे गेले. कंबरेत जडपणा वाटतो का, हे रुग्णाने सांगितले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. 925 च्या सुमारास ते वारले. त्यांच्या टिपणांतून मृत्यूनंतर ‘अल्-हावी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. 1279 मध्ये तो लॅटिनमध्येही गेला.

आज ताप उतरत नाही, अंग ठणकते, रिपोर्टमधले आकडे बिघडलेले असतात, पण कारण सापडत नाही. मलेरिया, क्षयरोग, कुठेतरी दडलेला पू, सांधेवात अशा अनेक शक्यता असतात. तपासण्या हव्यातच. पण डॉक्टरांनी विचारायचे आणि आपण काही न लपवता सांगायचे, ही तपासणी त्या सगळ्यांच्या आधीची आहे.