कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर : कर्करोगाचा माग काढणारे विकृतिशास्त्रज्ञ

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार व्यक्तींचा परिचय करून देण्याचा प्रघात आहे. यंदा अशा एका पुरुषाचे चरित्र सादर करीत आहे, की ज्यांच्या कार्याचा लाभ कोणत्याही एका ज्ञातीपुरता मर्यादित राहिला नाही. मात्र निरनिराळ्या ज्ञातींच्या चालीरीती त्यांनी वैद्याच्या दृष्टीने मोठ्या बारकाईने न्याहाळल्या. ते म्हणजे कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले व १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी संपादन केली. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. विकृतिशास्त्रज्ञाचे नाव रोग्याच्या कानी सहसा पडत नाही. शरीरातून काढलेल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाचे खरे स्वरूप सांगणे, हे त्याचे काम. तो निर्णय हाती आल्याखेरीज शल्यवैद्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही.

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मृतीतून परळ येथे उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. खानोलकर यांनी वाहिली.

त्या काळी कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग असून हिंदी लोकांस तो क्वचितच होतो, असा समज पुष्कळांचा होता. वस्तुस्थिती निराळी होती. हा रोग बहुधा उतारवयात गाठतो, आणि आपल्याकडील बहुसंख्य माणसे पटकी, क्षय, हिवताप यांना बळी पडून त्या वयापर्यंत पोहोचतच नसत. स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आले आहे. आयुष्य वाढले, तसा कर्करोगही घरोघर दिसू लागला.

डॉ. खानोलकर यांनी समजुतीपेक्षा गणतीवर भर दिला. मुंबईत आढळलेल्या मुखाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रोग्यांचा अभ्यास त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तुलनेने विरळ असणारा हा रोग आपल्याकडे इतका का, याचे उत्तर शोधता शोधता ते लोकांच्या सवयींपर्यंत येऊन पोहोचले. तंबाखू व चुना मळून केलेली खैनी ज्या ओठामागे दाबून ठेवावी, तेथेच व्रण उठतो. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला जेथे काचते, तेथेही क्वचित कर्करोग उद्भवतो. १९४५ साली त्यांनी अशा प्रकारांचे वर्णन जगापुढे मांडले. काश्मिरात उबेसाठी निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांस पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेचा, तर आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या स्त्रियांस टाळूचा कर्करोग होतो. प्रांत बदलला, की चाल बदलते; आणि चाल बदलली, की रोगाची जागाही बदलते.

ज्ञातींचा विचारही त्यांनी याच दृष्टीने केला. डॉ. एल. डी. संघवी यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील आपसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजांच्या आनुवंशिक लक्षणांचा तौलनिक अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध केला. कोणती ज्ञाती उच्च, हा प्रश्न त्यात नव्हता. रक्तातून काय येते आणि राहणीतून काय येते, हे निवडून पाहण्याची ती वाट होती. मुखाच्या कर्करोगापुरते तरी उत्तर राहणीकडेच अधिक बोट दाखवीत होते.

१९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. हे केंद्र आणि टाटा रुग्णालय १९६६ साली एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे संशोधन केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद आणि पद्मभूषण असे बहुमान त्यांस लाभले. त्यांच्या हयातीतच, १९६३ साली, भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत कर्करोग्यांची नोंदवही सुरू केली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, डॉ. खानोलकर कालवश झाले.

त्यांचे चरित्र आपणास काय शिकविते? टेंभी नाक्याच्या परिसरातील विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयाने अनेक वर्षे ठाणेकरांची सेवा केली. लोकलने परळही आपणास दूर नाही. तथापि अंतर रस्त्याचे नसते, संकोचाचे असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडात न भरणारा व्रण महिनोन्‌महिने राहतो आणि कोणी तो पाहत नाही. मुलीचे लग्न जमावयाचे आहे, म्हणून आजीच्या रोगाचे नाव दडविले जाते. वस्तुतः कर्करोग शिवल्याने पसरत नाही. त्यास कुळाचा कलंक मानणे म्हणजे रोग्याला एकटे पाडणे होय.

मिश्री ही आपल्या कित्येक घरांत आजीकडून सुनेकडे आलेली चाल आहे. ती भाजलेली तंबाखूच होय. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु घरातील डबीवर बंदी घरानेच घालावी लागते. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मुखाची आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय आरोग्ययोजनेत समाविष्ट आहे. तिचा लाभ प्रत्येक कुटुंबाने अवश्य घ्यावा.

चालीरीती जपणे हे ज्ञातिसंस्थेचे एक कार्य मानले जाते. कोणती चाल जपावी आणि कोणती सोडावी, याचा विवेक करणे हेही तिचेच कार्य आहे. डॉ. खानोलकर यांनी त्या विवेकास पुराव्याचा आधार दिला. वार्षिक मेळाव्यात सर्व कुटुंबे एकत्र जमतात. त्याच दिवशी मुखतपासणीची सोय केल्यास या थोर संशोधकाचे स्मरण खऱ्या अर्थाने सार्थ होईल.