सात हजार रुपयांचं मेडल



फर्स्ट इयरला आमच्या होस्टेलवर क्विझ झाली. प्रश्न होता, स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक कुणी मिळवून दिलं? मी छातीठोकपणे लिअँडर पेसचं नाव ठोकून दिलं. माझा धुळ्याचा रूम पार्टनर लहानपणी जत्रेत कुस्त्या खेळलेला. तो पोट धरून हसला. बरोबर उत्तर होतं खाशाबा जाधव, तेही पेसच्या ४४ वर्षं आधी! जळगावात वाढलेल्या मला हे माहीत नसावं? लाज वाटली, म्हणून लायब्ररीत बसून वाचून काढलं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे लाल माती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला पोचले. सगळी कुस्ती मातीतली, आणि समोर मॅट! मातीत पाय रुततो, मॅटवर सगळा खेळ चपळाईचा. तरी फ्लायवेट गटात सहावे आले.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र पैसे नव्हते. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी वर्गणी काढली, पण ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी चक्क स्वतःचं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठी!

तिथे बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या इशीशी झालेली दमवणारी कुस्ती ते हरले. लगेच सोव्हिएत पैलवानाशी पुढची कुस्ती लावली गेली. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारीच हजर नव्हता असं सांगतात. तीही कुस्ती गेली. तरी ब्राँझ मेडल मिळालंच. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मला सगळ्यात भिडलं ते यानंतरचं. घरी परतल्यावर खाशाबा मेडल गळ्यात घालून मिरवत बसले नाहीत. ते कुस्त्या खेळले, जिंकले, आणि बक्षिसाच्या पैशांतून त्यांनी आपल्या प्राचार्यांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले आणि असिस्टंट कमिशनर म्हणून रिटायर झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मरणोत्तर. आता १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन असतो. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं.

माझ्या फीसाठी पप्पांनी लोन काढलंय, आणि मागच्या सेमला माझे दोन विषय बॅक राहिले. होस्टेलवर आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे कुणीतरी काहीतरी गहाण ठेवलेलंच असतं. खाशाबांनी ते सोडवलं. मी अजून सुरुवातही केलेली नाही. या सेमला करतोय.