साठी, बुद्धी आणि डॉक्टर अल्झायमर

साठी बुद्धी नाठी, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हटले जात आले. आजोबा एकच गोष्ट दहादा विचारू लागले, आजी जेवून उठल्यावर पुन्हा पानाची वाट पाहू लागली, की वयाला दोष देऊन घर गप्प बसे. आता त्याच घरात एका जर्मन माणसाचे आडनाव सहज घेतले जाते. त्यांना अल्झायमर झालाय, असे आपण म्हणतो. पण हे एका हाडामांसाच्या डॉक्टरचे नाव होते आणि तो डॉक्टर रोग्याजवळ बसून त्याचे बारीकसारीक बोलणे टिपून ठेवत असे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

आलोईस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या माइन नदीकाठच्या छोट्या गावात झाला. वडील नोटरी होते. मुलाला विज्ञानाची ओढ. वैद्यकीचे शिक्षण घेताना हा धिप्पाड तरुण तलवारबाजीच्या मंडळातही रमला. तिथली खूण गालावर कायमची राहिली. १८८७ मध्ये व्युर्त्सबुर्ग विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय होता कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींचा. पुढे मेंदूत डोकावणाऱ्या माणसाची सुरुवात अशी कानापासून झाली!

१८८८ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्या काळात अशा ठिकाणी रोग्यांना बांधून ठेवणे सर्रास चाले. फ्रँकफुर्टचे प्रमुख एमिल झिओली यांना ते मान्य नव्हते. अल्झायमर आणि पुढच्याच वर्षी आलेले फ्रान्त्स निस्ल यांच्या साथीने त्यांनी बंधने कमी केली. बेभान रोग्याला शांत करण्यासाठी कोमट पाण्याचे दीर्घ स्नान देण्याची पद्धत ठेवली. दिवसा रोगी आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शक, असा या दोघा मित्रांचा क्रम होता. मेंदूचे पातळ काप घेऊन ते रंगवण्यात निस्ल यांचा हातखंडा होता. मनाच्या आजाराचे मूळ मेंदूत दिसू शकेल, या विश्वासाने दोघेही झपाटले होते.

याच काळात अल्झायमर यांनी सेसिली गाइझनहाइमर या विधवेशी विवाह केला. तीन मुले झाली. सेसिलीच्या संपत्तीमुळे पैशाची चिंता उरली नाही. पण हे सुख फार टिकले नाही. फेब्रुवारी १९०१ मध्ये ती गेली. मुलांना सांभाळायला अल्झायमर यांची अविवाहित बहीण एलिझाबेथ घरी आली आणि त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबरला, ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई इस्पितळात दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. आधी ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेऊ लागली, मग स्वयंपाक बिघडू लागला, घरातल्या वस्तू भलत्या जागी जाऊ लागल्या. अल्झायमर तिच्याजवळ बसले. पेन्सिल, पेन, किल्ली, सिगार अशा वस्तू एकेक दाखवल्या. तिने नावे बरोबर सांगितली. पण थोड्या वेळाने विचारले तर काय दाखवले होते, याचाच तिला पत्ता नव्हता. स्वतःचे नाव लिहायला सांगितले तर ते पुरे होईना. ती फुलकोबी खात होती आणि आपण पालक खातो आहोत असे सांगत होती. अल्झायमर यांनी हे सारे जसेच्या तसे उतरवून ठेवले. विस्मरण म्हातारपणाचे म्हणावे, तर ही बाई म्हातारी नव्हती. इथेच ते अडले आणि अडून राहिले.

१९०३ मध्ये ते एमिल क्रेपेलिन या नामवंत मनोविकारतज्ज्ञांच्या मागोमाग आधी हायडेलबर्गला आणि मग म्युनिकला गेले. तिथे काही काळ बिनपगारी राहून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. देशोदेशींचे तरुण तिथे शिकायला येत. गुरुजी प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकाशी बसून समजावत आणि दिवसाअखेरी प्रत्येक टेबलावर त्यांच्या सिगारचे एकेक थोटूक उरलेले असे, अशी आठवण सांगतात. फ्रँकफुर्टची ती बाई मात्र ते विसरले नाहीत. तिची खबर ते मागवत राहिले.

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगुस्टे गेली. तिचा मेंदू म्युनिकला आला. चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या कापांत अल्झायमर यांना पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले, पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी साचलेले थर दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. सभेतून एकही प्रश्न आला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. तरीही कित्येक दशके तो ऐन वयातल्या थोड्या लोकांचाच विकार मानला जाई. म्हाताऱ्यांचे विस्मरण वयाच्याच खाती पडे. १९७६ मध्ये अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही एकच असल्याचे ठासून मांडले, तेव्हा कुठे चित्र पालटू लागले.

अल्झायमर यांना ते पाहायला मिळाले नाही. १९१२ मध्ये ब्रेसलाउ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे प्राध्यापकपद मिळाले; पण तिकडे जाताना गाडीतच ते आजारी पडले आणि त्यातून पुरते सावरलेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ऑगुस्टे इस्पितळात आली तेव्हा तिचे वयही एवढेच होते. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले. ऑगुस्टेचे हरवलेले कागद १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या दप्तरखान्यात सापडले.

मेंदूतले गुंते जगाला ठाऊक झाले. पण ऑगुस्टेचा जीव नेमका कशाने गेला, हे क्वचितच सांगितले जाते. अंथरुणाला खिळल्याने पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या आणि रक्तात विष भिनले. आजार मेंदूचा, पण मरण आले कातडीच्या वाटेने.

तसेच ते तोंडाच्या वाटेनेही येते. स्मृतिभ्रंशाचा रोगी दात घासायचे विसरतो, कवळी काढू देत नाही, ब्रश पाहून ओठ घट्ट मिटतो. दाढ ठणकते, पण ते त्याला सांगता येत नाही. मग चिडचिड वाढते, जेवण तुटते. तोंडातले जंतू श्वासावाटे फुफ्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. जपानमधील ११ वृद्धशुश्रूषागृहांत दोन वर्षे केलेली पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडाची नियमित स्वच्छता ठेवलेल्या वृद्धांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. तिन्ही बाजूंनी दात घासणारे, तोंडातले पाणी ओढून घेणारे ब्रश आता निघाले आहेत. अशी साधने बनवू पाहणाऱ्या तरुण उद्योजकांनी अल्झायमर यांच्याकडून एवढे घ्यावे, की आधी रोग्याजवळ बसावे, मग साधन घडवावे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध आजाराचा वेग थोडा कमी करते. गेलेली आठवण परत आणत नाही. उरते ती शुश्रूषा, आणि ती घरातच व्हायची असते. रोजच्या ठरल्या वेळी समोर बसावे, ब्रश त्यांच्याच हातात द्यावा, आपला हात वर ठेवावा. कवळी रात्री काढून धुवावी. आज किती खाल्ले, कोणत्या बाजूने चावले, गालाला हात लागताच मान फिरवली का, हे एका वहीत तारखेनिशी लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. फुलकोबी आणि पालक यांची नोंद करणाऱ्या डॉक्टरला हे काम क्षुल्लक वाटले नसते.