लामार्कस थॉम्पसन आणि समुद्रकाठची लाकडी घसरगाडी

गुरुत्वाकर्षण शिकवताना आपण नेहमी न्यूटनची गोष्ट सांगतो. यावेळी लामार्कस थॉम्पसन यांची सांगून बघा.

थॉम्पसन यांचा जन्म ८ मार्च १८४८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. सुतारकामाची आवड लहानपणापासूनच होती. पुढे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट गावी त्यांनी बिनशिवणीचे पायमोजे बनवण्याचा धंदा काढला. धंदा जोरात चालला, पण तब्येतीने साथ दिली नाही आणि त्यांना त्यातून बाहेर पडावं लागलं.

त्या काळात पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथली एक डोंगरातली रेल्वे प्रसिद्ध होती. मुळात ती कोळशासाठी बांधलेली. सुरुवातीला भरलेले डबे उतारावरून आपोआप खाली यायचे आणि रिकामे डबे खेचरं वर ओढून न्यायची. गंमत म्हणजे खाली येताना खेचरंसुद्धा डब्यात बसून यायची! (हे वर्गात नक्की सांगा.) कोळसा दुसऱ्या मार्गाने जाऊ लागला, तेव्हा लोक पैसे देऊन नुसती मजा म्हणून या गाडीत बसू लागले. थॉम्पसन यांना कल्पना इथूनच सुचली असं मानलं जातं. ते धार्मिक वृत्तीचे होते. लोकांनी दारूच्या गुत्त्यात जाण्यापेक्षा मोकळ्या हवेत स्वस्त, स्वच्छ करमणूक करावी, असं त्यांना वाटे.

१६ जून १८८४ रोजी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर त्यांची लाकडी 'स्विचबॅक रेल्वे' सुरू झाली. लांबी साधारण ६०० फूट, तिकीट ५ सेंट आणि वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या सायकलपेक्षाही कमी! इंजिन नव्हतंच. जिना चढून वर जायचं, बाकावर आडवं बसायचं, गाडी चढउतार घेत दुसऱ्या टोकाला पोचायची. तिथे सगळे उतरायचे, कामगार गाडी ढकलून वर चढवायचे आणि दुसऱ्या रुळावरून परतीचा प्रवास. ढकलावी का लागायची? दोन पट्ट्यांचा उतार-चढाव करून गोटी सोडून दाखवा. गोटी पहिल्या उंचीएवढी परत चढत नाही. घर्षण तिची ऊर्जा खातं.

लोकांनी रांगा लावल्या. पण वर्षभरातच चार्ल्स अल्कोक यांनी सुरुवातीच्या जागी परत येणारा गोल मार्ग बांधला, म्हणजे मध्ये उतरण्याची कटकट संपली. फिलिप हिंकल यांनी तर गाडी यंत्राने वर ओढून नेली. थॉम्पसन यांची गाडी बघता बघता जुनी ठरली.

माणूस इथेच खचला असता, नाही का? थॉम्पसन यांनी वेगाच्या शर्यतीत न पडता वेगळाच विचार केला. १८८७ मध्ये अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर त्यांनी 'सीनिक रेल्वे' उभारली. गाडी अंधाऱ्या बोगद्यात शिरायची, अचानक दिवे लागायचे आणि रंगवलेले देखावे समोर यायचे. ही कल्पना खूप चालली आणि पुढे त्यांच्या कंपनीने देशोदेशी अशा गाड्या बांधल्या.

एक गोष्ट मात्र सांभाळा. फळ्यावर 'रोलर कोस्टरचा शोध थॉम्पसन यांनी लावला' असं लिहू नका. रशियात बर्फाच्या घसरगुंड्या त्यांच्या कितीतरी आधीपासून होत्या, आणि रिचर्ड नूडसेन यांनी अशाच गाडीचं पेटंट १८७८ मध्येच घेतलं होतं. ते कागदावर राहिलं; थॉम्पसन यांनी गाडी उभी करून, चालवून दाखवली. माझ्या मते मुलांना हा फरक समजावण्यात जास्त मजा आहे.

८ मे १९१९ रोजी थॉम्पसन यांचं निधन झालं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या समुद्रकाठी १९१२ मध्ये सुरू झालेली लाकडी सीनिक रेल्वे त्यांच्याच पद्धतीची. तिथे दोन डब्यांच्या मध्ये एक माणूस उभा राहतो आणि हाताने ब्रेक लावतो.