तारे स्थिर ठेवणारा छायाचित्रकार : एडवर्ड एमर्सन बर्नार्ड

आकाशगंगेची विस्तृत आणि सुस्पष्ट छायाचित्रे जगासमोर आणणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. जन्मापूर्वीच पित्याचे निधन झालेले होते. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात आईने अत्यंत हलाखीत दोन मुलांना वाढविले. बर्नार्ड यांच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन महिन्यांपुरती. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास ते नॅशव्हिलमधील एका छायाचित्रण कार्यालयात नोकरीस लागले.

या नोकरीचे स्वरूप विलक्षण होते. छायाचित्रे मोठी करण्यासाठी त्या काळी सूर्यप्रकाशच वापरावा लागे. त्यासाठी इमारतीच्या छतावर एक अवाढव्य कॅमेरा बसविलेला होता आणि त्याला 'ज्युपिटर' असे नाव देण्यात आले होते. सूर्य जसजसा सरके तसतसा हा कॅमेरा हाताने चाके फिरवून त्याच्या रोखाने वळवीत राहायचा, हेच या मुलाचे काम. यापूर्वी नेमलेली मुले उन्हात बसून झोपी जात असत. बर्नार्ड मात्र जागे राहिले. दुपारच्या घंटेच्या तुलनेत सूर्य वर्षाच्या काही दिवसांत पुढे तर काही दिवसांत मागे असतो, हेही त्यांनी कोणी न शिकविता हेरले. पुढील आयुष्यात त्यांनी जे केले त्याची ही तालीमच होती. फरक एवढाच, की नंतर सूर्याची जागा ताऱ्यांनी घेतली.

सन १८७६ मध्ये त्यांनी ३८० डॉलर मोजून पाच इंची दुर्बीण घेतली. ही रक्कम त्यांच्या वार्षिक मिळकतीच्या मोठ्या हिश्शाएवढी होती. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल येथे वैज्ञानिकांचे अधिवेशन भरले असता ते ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांना भेटले. गणित येत नसेल तर दुर्बिणीचा उपयोग नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. तरुण बर्नार्ड यांना रडू आवरले नाही. तथापि त्यांनी गणिताचा अभ्यास सुरू केला आणि धूमकेतूंचा शोधही चालू ठेवला. नवा धूमकेतू शोधणाऱ्यास तेव्हा २०० डॉलरचे पारितोषिक मिळत असे. नवविवाहित बर्नार्ड यांच्या घराच्या कर्जाचे हप्ते अशा पारितोषिकांतून फेडले गेले. सन १८८३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती आणि वेधशाळेची जबाबदारी दिली.

सन १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट हॅमिल्टन येथे लिक वेधशाळेचे काम सुरू झाले, तेव्हा बर्नार्ड तेथे रुजू झाले. तेथील ३६ इंची दुर्बीण जगात सर्वांत मोठी असली, तरी बर्नार्ड यांचे खरे काम सहा इंची विलर्ड भिंगाने झाले. हे भिंग मुळात माणसांची छायाचित्रे काढण्यासाठी घडविलेले होते. मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहान तुकडा दिसतो. या भिंगात मात्र आकाशगंगेचा भलामोठा पट्टा सामावत असे. ऑगस्ट १८८९ मध्ये त्यांनी धनु राशीतील आकाशगंगेकडे हे भिंग तीन तासांहून अधिक काळ रोखून धरले. काचपट्टीवर ताऱ्यांचे ढग उमटले.

हे रोखून धरणे म्हणजे काय, हे समजून घेतल्यास त्यांच्या कष्टांची कल्पना येईल. पृथ्वीच्या भ्रमणामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश सरकतात. त्यांच्या मागे जाणाऱ्या बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे खगोलीय ध्रुवाच्या रोखाने असावा लागतो. ध्रुवताऱ्याकडे अक्ष वळविला की काम झाले, असे वाटते. परंतु ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. बर्नार्ड यांच्या काळी तो तेथून सव्वा अंशाहून अधिक दूर होता, आज हे अंतर पाऊण अंशाहूनही कमी आहे. त्यामुळे निरीक्षक एखादा तारा दुर्बिणीत धरून तो उत्तरेस वा दक्षिणेस सरकतो का ते पाहतो आणि त्यानुसार अक्ष हलवितो. मध्यमंडलाजवळचा तारा अक्षाची पूर्व-पश्चिम चूक दाखवितो, तर पूर्व वा पश्चिम क्षितिजाकडचा तारा उंचीतील चूक दाखवितो. ही चूक राहिली तर मार्गदर्शक तारा जागेवर धरूनही बाकीचे तारे त्याच्याभोवती कमानीसारखे ओढले जातात. आज हौशी छायाचित्रकाराचा कॅमेरा दोन-तीन छायाचित्रे घेतो, संगणकप्रणाली त्यांतील तारे ओळखून ध्रुवाचे स्थान काढते आणि कोणता स्क्रू किती फिरवायचा ते पडद्यावर सांगते. ते काम काही मिनिटांत आटोपते.

बर्नार्ड यांच्यापाशी केवळ डोळा होता. घड्याळयंत्राने फिरणारी बैठकही थोडी पुढे-मागे होतच असे. म्हणून ते जोडदुर्बिणीतील तारांच्या फुलीवर एक तारा धरून तासन् तास बसत आणि तो किंचित हलला की हाताने दुरुस्ती करीत. थंडीत घुमट तापविता येत नसे, कारण उबदार हवेने प्रतिमा थरथरते.

या चिकाटीची कीर्ती अशी पसरली, की मार्च १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने बर्नार्ड यांनी स्वतःहून धूमकेतू शोधणारे यंत्र बनविल्याचे खोटे वृत्त सविस्तर छापले. त्यांनी खुलासा पाठविला, पण तो छापला गेला नाही. त्यानंतर दीड वर्षाने, १२ ऑक्टोबर १८९२ रोजी, त्यांच्या एका काचपट्टीवर गरुड तारकासमूहाजवळ धूमकेतू आढळला. छायाचित्रणातून सापडलेला हा पहिला धूमकेतू. पुढे तो हरवला आणि २००८ मध्ये पुन्हा सापडला. त्याच १८९२ च्या ९ सप्टेंबरला बर्नार्ड यांनी गुरूचा पाचवा चंद्र अमाल्थिया शोधला होता. गॅलिलिओनंतर २८२ वर्षांनी सापडलेला गुरूचा हा पहिला नवा चंद्र होय.

संचालकांशी मतभेद झाल्याने १८९५ मध्ये त्यांनी लिक सोडली आणि ते शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत आले. कॅथरिन ब्रूस यांच्या ७,००० डॉलरच्या देणगीतून तेथे त्यांच्यासाठी दहा इंची छायाचित्रण दुर्बीण बनली. तिच्या बैठकीचा खांब वाकडा ठेवण्यात आला, जेणेकरून तारा मध्यमंडल ओलांडत असतानाही छायाचित्र मध्येच थांबवावे लागू नये. सन १९०५ मध्ये ती माउंट विल्सनवर नेऊन बर्नार्ड यांनी काही महिन्यांत सुमारे ५०० काचपट्ट्या घेतल्या.

या पट्ट्यांवरील काळ्या जागांनी त्यांना दीर्घकाळ पेचात टाकले. ही ताऱ्यांमधील भोके, असेच ते आरंभी मानीत. सन १९१३ च्या उन्हाळ्यात एका रात्री छायाचित्र घेत असताना आकाशगंगेसमोरून जाणारे छोटे ढग त्यांना काळ्या डागांसारखे दिसले. हे साम्य त्यांच्या मनात राहिले. सन १९१९ मध्ये त्यांनी १८२ काळ्या जागांची सूची प्रसिद्ध केली. त्यांपैकी बहुतेक जागा प्रकाश अडविणारे पदार्थ असाव्यात, या निष्कर्षाप्रत ते हळूहळू आले. तत्पूर्वी १९१६ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील त्यांचा प्रसिद्ध वेगवान तारा त्यांना जुन्या-नव्या काचपट्ट्यांच्या तुलनेतूनच गवसला होता.

निवडक आकाशगंगेचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध करण्याचे काम मात्र रेंगाळले. छपाईतील ठशांनी सूक्ष्म तपशील नष्ट होतात, म्हणून प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रेच असावीत, असा त्यांचा आग्रह होता. सातशे प्रतींसाठी ३५,७०० छायाचित्रे त्यांनी स्वतः एकेक तपासली. पत्नी ऱ्होडा यांचे १९२१ मध्ये निधन झाले आणि ६ फेब्रुवारी १९२३ रोजी स्वतः बर्नार्डही कालवश झाले. तेव्हा संग्रहाचा मजकूर आणि नकाशे अपूर्ण होते. यर्किसचे संचालक एडविन फ्रॉस्ट आणि बर्नार्ड यांच्या सहायक व पत्नीच्या भाचीचे नाते असलेल्या मेरी कॅल्व्हर्ट यांनी ते पूर्ण केले. एक्कावन्न छायाचित्रांचा हा संग्रह १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील चाळीस छायाचित्रे माउंट विल्सनवरील त्या काही महिन्यांतील आहेत.